ढोल-ताशा पथकाची हजेरी-शोध शीट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सरावाची हजेरी वहीतून गुगल शीटवर आणलेल्या पथकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. वादकांचे, गटप्रमुखांचे आणि शीट सांभाळणाऱ्यांचेही. एक सूचना आधीच: या पानावर आकडे देवनागरीत छापले आहेत, शीटमध्ये मात्र इंग्रजी आकडेच टाकायचे. कारण प्रश्न ४ मध्ये आहे.

१. हजेरी-शोध शीट म्हणजे नेमकं काय? वहीत काय वाईट होतं?

ही एक गुगल शीट आहे आणि तिच्यात पाच टॅब आहेत. 'सभासद' टॅबमध्ये प्रत्येक वादकाची एक ओळ असते: क्रमांक, नाव, विभाग (ढोल, ताशा, ध्वज, झांज), सामील झाल्याची तारीख. 'सराव' टॅबमध्ये प्रत्येक सरावाची एक ओळ असते: तारीख, कोणत्या विभागासाठी, झाला की रद्द. 'हजेरी' टॅब सर्वात लांब. एका वादकाची एका दिवसाची एक ओळ, त्यात तारीख, क्रमांक, विभाग आणि खूण. 'सारांश' टॅब या तिन्हींवरून प्रत्येकाची बेरीज काढतो. 'शोध' टॅबमध्ये क्रमांक टाकला की त्या वादकाची तारीखवार हजेरी दिसते.

वहीत वाईट काहीच नव्हतं, उलट कागदी यादी अजूनही ठेवावीच (प्रश्न ९). पण वहीतली हजेरी वादकाला मिरवणुकीच्या आदल्या आठवड्यात कळते, तेव्हा भरून काढायला सराव उरलेले नसतात. शीटचा खरा उपयोग हा, की तिसऱ्या आठवड्यातच 'आपण मागे पडतोय' हे ज्याचं त्याला दिसतं.

२. माझी हजेरी मी मोबाइलवर कशी पाहू?

'सारांश'ची लिंक उघडा, शोधाच्या पर्यायात जाऊन आपला क्रमांक टाका. कंप्युटरवर कंट्रोल-एफ दाबलं की झालं. क्रमांक नोंदणीच्या पावतीवर असतो.

'शोध' टॅबमध्ये वादकांना क्रमांक टाकता येत नाही, याची तक्रार नेहमी येते. ते मुद्दाम तसं ठेवलेलं आहे. शीटमधला सेल सगळ्यांना एकच असतो. दोघांनी एकाच वेळी आपापले क्रमांक टाकले, तर एकाला दुसऱ्याची माहिती दिसते आणि तो तीच आपली समजून बसतो. म्हणून 'शोध' फक्त गटप्रमुखांकडे, वादकांसाठी 'सारांश'.

३. टक्केवारी कशी काढली जाते?

वर तुमची हजेरी, खाली तुम्हाला लागू असलेले आणि प्रत्यक्षात झालेले सराव. उदाहरण घ्या. हंगामात ४२ सराव जाहीर झाले, ४ पावसामुळे रद्द, उरले ३८. तुम्ही २७ वेळा वेळेवर आलात, ४ वेळा उशिरा. उशिराची अर्धी हजेरी धरली तर २७ अधिक २, म्हणजे २९. ३८ पैकी २९ म्हणजे ७६.३ टक्के.

आता यात ३ दिवस मंजूर रजा होती आणि पथकाच्या नियमाप्रमाणे रजा खालच्या आकड्यातून वजा होते, तर ३५ पैकी २९, म्हणजे ८२.९ टक्के. निकष ८० टक्के असेल तर हाच वादक एका नियमाने मिरवणुकीत आहे आणि दुसऱ्या नियमाने नाही. शीट दोन्ही हिशेब बिनचूक करून देईल. कोणता धरायचा, हे हंगामाच्या सुरुवातीच्या वाद्यपूजनाच्या दिवशीच ठरवून 'सारांश'च्या पहिल्या ओळीत लिहून ठेवा. हंगामाच्या मध्यात नियम बदलला की बदलणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असो, कुणावर तरी अन्याय होतोच.

४. क्रमांक बरोबर टाकला, तरी 'सापडला नाही' असं येतं. का?

बहुतेक वेळा तीनपैकी एक कारण असतं.

पहिलं, देवनागरी आकडे. मोबाइलचा मराठी कीबोर्ड १०४७ हे देवनागरीत टाकतो आणि गुगल शीट त्याला संख्या मानत नाही, मजकूर मानते. आपल्या डोळ्यांना तोच आकडा, शीटला मात्र वेगळा. कीबोर्ड इंग्रजीवर न्या. शीट सांभाळणाऱ्यांना कायमचा उपाय हवा असेल तर शोधाच्या सूत्रात 'सबस्टिट्यूट' दहा वेळा, एकात एक गुंफून, दहाही अंक बदलून घ्यावेत आणि शेवटी 'व्हॅल्यू' लावावं.

दुसरं, सुरुवातीचं शून्य. ०४७ असा क्रमांक दिला तर शीट शून्य गाळून ४७ ठेवते. एका टॅबमध्ये कॉलम 'साधा मजकूर' असेल आणि दुसऱ्यात संख्या, तर दोन्ही कधीच जुळणार नाहीत. म्हणून क्रमांक १००१ पासून सुरू करा, हा प्रश्नच मिटतो.

तिसरं, क्रमांकाच्या पुढे-मागे राहिलेली मोकळी जागा. कीबोर्डवरची सूचना निवडली की बऱ्याचदा शेवटी एक स्पेस पडते. 'ट्रिम' सूत्राने ती जाते. व्हॉट्सॲप किंवा वेबपेजवरून चिकटवलेल्या मजकुरात कधी कधी वेगळ्या प्रकारची स्पेस येते, ती मात्र 'ट्रिम'ने जात नाही. अशा वेळी क्रमांक पुसून हाताने टाकावा.

५. क्रमांक कोण लक्षात ठेवणार? नावाने शोधायची सोय का नाही?

मोठ्या पथकात एकाच नावाचे दोघे-तिघे सहज असतात, हे उघड कारण. पण देवनागरी नावांची एक अडचण त्याहून अवघड आहे, कारण ती दिसतच नाही. 'ॲ' हे अक्षर कंप्युटरवर दोन प्रकारे लिहिलं जातं: एक अख्खं अक्षर म्हणून, आणि दुसरं 'अ'वर अर्धचंद्र चढवून. दिसायला सारखंच, शोधाच्या दृष्टीने वेगळं. 'कुऱ्हाडे', 'बिऱ्हाडे' या आडनावांतल्या 'ऱ्ह'चंही तेच. कुणाचा कीबोर्ड नुक्त्याचा 'ऱ' वापरतो, कुणाचा साधा 'र' आणि त्यामागे न दिसणारं जोडचिन्ह. नोंदणी करणाऱ्याचा फोन आणि हजेरी घेणाऱ्याचा फोन वेगळा असला, की कुऱ्हाडेंची निम्मी हजेरी हरवते.

म्हणून मोजणी नेहमी क्रमांकावर. नाव फक्त माणसाला वाचण्यासाठी, तेही 'सभासद' टॅबमधूनच आपोआप येऊ द्या; 'हजेरी'त हाताने नाव टाकू नका.

६. उशिरा आलो, रजा घेतली, तर काय खूण पडते?

ह म्हणजे हजर, उ म्हणजे उशिरा, र म्हणजे मंजूर रजा. गैरहजरीला खूण नाही, त्या दिवसाची ओळच नसते. खूण निवडण्यासाठी सेलमध्ये ड्रॉपडाउन ठेवा. हाताने टाकू दिलं तर कुणी 'ह', कुणी 'हजर', कुणी 'ह.' लिहितं आणि सूत्र फक्त पहिलंच मोजतं.

उशीर म्हणजे किती, तेही लिहून ठेवा. आमचं मत असं, की घड्याळापेक्षा सरावाचा टप्पा धरावा: पहिला हात (म्हणजे बसवलेला ताल) सुरू झाल्यावर आलेला उशिरा. मैदानावर सगळ्यांना ऐकू येणारी खूण असल्याने वाद होत नाही.

रजेसाठी आधी कळवणं आणि रजेच्या कमाल दिवसांची मर्यादा, दोन्ही हवं. परीक्षा आणि आजारपण यांत माणसाला सांभाळून घेतलंच पाहिजे. पण मर्यादा नसेल तर तोच रस्ता सगळे धरतात.

७. पावसामुळे सराव अर्ध्यावर थांबला. आलेल्यांचं काय?

पथकात सर्वात जास्त भांडणं याच्यावरून होतात, म्हणून सविस्तर.

'सराव' टॅबमध्ये 'झाला' आणि 'रद्द' याशिवाय तिसरी स्थिती ठेवा: 'ऐच्छिक'. ऐच्छिक सराव वरच्या आकड्यात धरायचा, खालच्या नाही. म्हणजे भिजत आलेल्याला श्रेय मिळतं आणि आकाश बघून घरी थांबलेल्याचं नुकसान होत नाही. असं केल्यावर एखाद्याची टक्केवारी १०० च्या वर जाऊ शकते, म्हणून 'मिन' सूत्राने ती १०० वर थांबवा.

दुपारीच रद्द झाल्याचा निरोप गेला असेल तर सरळ 'रद्द'. त्या तारखेच्या हजेरीच्या ओळी चुकून भरल्या गेल्या असतील तर त्या पुसत बसू नका. सूत्र 'सराव' टॅबमधली स्थिती बघूनच मोजत असेल तर त्या आपोआप बाजूला राहतात. पुसलेली ओळ परत आणणं कटकटीचं असतं. स्थिती बदलणं एका क्लिकचं.

८. मी उशिरा सामील झालो. आधीचे सराव माझ्या नावावर गैरहजर धरणार का?

नाही. खालचा आकडा तुमच्या सामील होण्याच्या तारखेपासून मोजला जातो. पण फक्त टक्केवारी पाहिली तर शेवटच्या दहा दिवसांत आलेला १०० टक्क्यांवर दिसतो आणि पहिल्या दिवसापासून घाम गाळणारा ८२ वर. त्यामुळे टक्केवारीबरोबर किमान सरावांची संख्याही निकषात असावी. नवीन वादकांसाठी ही अट जास्त महत्त्वाची: कमरेला ढोल बांधून तासन्‌तास चालण्याची सवय अंगात यायला तेवढे दिवस लागतातच.

९. सरावाच्या जागी नेटवर्क येत नाही. हजेरी कशी घ्यायची?

घरून निघण्यापूर्वी गुगल शीट्स ॲपमध्ये फाइलच्या तीन टिंबांवर जाऊन 'ऑफलाइन उपलब्ध' चालू करा. मैदानावर भरलेली हजेरी नेटवर्क आल्यावर चढते. फोन खिशात टाकण्याआधी ती चढली का, हे पाहा. गुगल फॉर्म मात्र नेटवर्कशिवाय जात नाही, त्यामुळे नदीपात्रासारख्या जागी फॉर्मवर विसंबू नका.

त्याशिवाय प्रत्येक गटप्रमुखाकडे क्रमांक छापलेली कागदी यादी हवी. पावसात फोन बाहेर काढता येत नाही, बॅटरी संपते. कागद हंगाम संपेपर्यंत जपा, तक्रार आली तर तोच पुरावा. एका गटात २० ते २५ जणच ठेवा. एवढे चेहरे एका नजरेत ओळखता येतात, त्यापुढे हाक मारत बसावं लागतं.

१०. क्यूआर कोड लावला तर वादक स्वतःच हजेरी लावतील ना?

लावतील, आणि घरूनही लावतील. क्यूआर म्हणजे फॉर्मची लिंकच. एकाने फोटो काढून ग्रुपवर टाकला की संपलं. रोज नवा कोड केला तरी तो फोटो पाच मिनिटांत फिरतो. क्यूआर वापरायचाच असेल तर गर्दी आवरण्यासाठी वापरा आणि त्या नोंदी गटप्रमुखाने त्याच संध्याकाळी डोळ्यांनी पडताळल्यावरच 'हजेरी'त घ्या.

११. एकाची हजेरी १०३ टक्के दिसते. हे कसं?

ऐच्छिक सराव (प्रश्न ७) हे कारण नसेल, तर एकाच दिवशी दोन नोंदी झाल्या आहेत. गटप्रमुखाने लावली, त्याच्या मदतनिसानेही लावली. 'हजेरी'त एक जादा कॉलम करा, त्यात क्रमांक आणि तारीख एकत्र जोडा, आणि 'काउंटइफ'ने ती जोडी कितीदा आली ते मोजा. एकापेक्षा जास्त असेल त्या ओळीला लाल रंग द्या.

'काउंटयुनिकइफ्स' वापरून वेगवेगळ्या तारखाच मोजल्या तरी आकडा सुधारतो, पण एका नोंदीत 'ह' आणि दुसरीत 'उ' असेल तर दोन्हीकडे तो दिवस मोजला जाईल. लाल ओळी माणसाने बघून एक काढणं हाच बरा मार्ग.

१२. ऑगस्टच्या तारखा मे महिन्यात दिसतात!

फाइल, सेटिंग्ज, लोकेल (शीट कोणत्या देशाची पद्धत धरते ती सेटिंग): तिथे 'युनायटेड स्टेट्स' असेल. मग ०५/०८ म्हणजे ५ ऑगस्ट नव्हे, तर ८ मे. महिन्याच्या १२ तारखेपर्यंत अशा चुकीच्या पण वैध तारखा बनतात. १३ पासून पुढे तेरावा महिना नसल्याने शीट त्यांना मजकूर समजते. ओळखायची खूण सोपी: खऱ्या तारखा सेलच्या उजव्या कडेला, मजकूर झालेल्या डाव्या कडेला.

लोकेल 'भारत' करा, पण आधी पडलेल्या तारखा त्याने दुरुस्त होत नाहीत. त्या पुन्हा भराव्या लागतात. कागदी यादी इथे उपयोगी पडते. ही सेटिंग पहिली ओळ भरण्याआधी तपासा.

१३. रविवारी सकाळी घेतलेली हजेरी शनिवारच्या नावावर कशी?

हे फॉर्म वापरणाऱ्यांच्या बाबतीत होतं. फॉर्मची वेळ शीटच्या टाइमझोनप्रमाणे पडते. तो अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा असेल, तर आपल्या रविवारी सकाळी ८ ला तिथे उन्हाळी वेळेप्रमाणे शनिवारी संध्याकाळचे साडेसात असतात. संध्याकाळी ७ च्या सरावाला तिथे त्याच तारखेची सकाळ असते, त्यामुळे रोजच्या सरावात चूक कळतच नाही, फक्त रविवार बिघडतो. प्रश्न १२ मधल्याच सेटिंगमध्ये टाइमझोन 'कोलकाता' करा.

आणखी एक: फॉर्मच्या नोंदीत तारखेबरोबर वेळही असते, त्यामुळे नुसत्या तारखेशी ती जुळत नाही आणि मोजणी शून्य येते. 'इंट' सूत्राने वेळ कापून फक्त तारीख वेगळ्या कॉलममध्ये घ्या.

१४. क्रमांक माझा, पण नाव दुसऱ्याचं दिसतं.

सूत्रात 'व्हीलुकअप' (क्रमांकावरून नाव शोधून आणणारं सूत्र) असेल आणि त्याचा चौथा भाग रिकामा सोडला असेल. तो रिकामा असला की शीट 'यादी क्रमाने लावलेली आहे' असं गृहीत धरून जवळचा क्रमांक देते. तुमचा क्रमांक यादीत नसला तरी चूक न दाखवता त्याच्या आधीच्या क्रमांकाच्या माणसाचं नाव येतं. गप्प राहून खोटं उत्तर देणारी ही चूक सर्वात धोक्याची. चौथ्या भागात 'फॉल्स' लिहा, किंवा सरळ 'एक्सलुकअप' वापरा. ते मुळातच तंतोतंत जुळणारा क्रमांक शोधतं.

सूत्र ठीक असेल तर दुसरी शक्यता: कुणीतरी फक्त एक कॉलम निवडून तो क्रमाने लावला आहे, त्यामुळे नावं एकीकडे आणि क्रमांक दुसरीकडे गेले. आवृत्ती इतिहासातून मागची प्रत आणा आणि पुढे क्रम लावायचा तर फिल्टर व्ह्यूमध्येच लावा, त्यात मूळ क्रम हलत नाही.

१५. हंगामाच्या मध्यात ढोलावरून ताशावर गेलो. जुनी हजेरी कुठे धरणार?

ज्या दिवशी जिथे वाजवलं तिथेच. म्हणूनच 'हजेरी'च्या प्रत्येक ओळीत विभाग लिहिलेला असतो. तो 'सभासद' टॅबमधून सूत्राने आणला, तर विभाग बदलताच मागची सगळी हजेरीही ताशात जाते. खालच्या आकड्यासाठी 'सभासद' टॅबमध्ये विभाग बदलल्याची तारीख लिहा: त्याआधी ढोलाचे सराव, नंतर ताशाचे. क्रमांक तोच राहतो. ढोलाचे १००० चे, ताशाचे २००० चे अशी विभागवार क्रमांकांची मांडणी इथेच अडते, ती करूच नका.

१६. माझी हजेरी कुणीतरी पुसली असं वाटतं. कसं तपासायचं?

गटप्रमुखाला सांगा. कंप्युटरवर त्या सेलवर राइट-क्लिक करून 'शो एडिट हिस्टरी' निवडलं की कुणी, केव्हा, काय बदललं ते दिसतं. अख्खी ओळच काढली असेल तर तिथे काही दिसत नाही. तेव्हा फाइल मेनूतला आवृत्ती इतिहास उघडून त्या तारखेची प्रत पाहावी.

मात्र फाइल 'लिंक असलेला कोणीही बदलू शकतो' अशी ठेवली असेल, तर बदल निनावी नोंदला जातो आणि तपासाला काही अर्थ राहत नाही. बदलाची परवानगी फक्त गटप्रमुखांना, ज्याच्या त्याच्या ईमेलवर द्या.

१७. सगळ्यांचे मोबाइल नंबर शीटमध्ये आहेत. वादकांना लिंक दिली तर ते दिसतील?

टॅब लपवून ठेवला म्हणजे सुरक्षित झाला असं नाही. फक्त पाहण्याची परवानगी असलेलाही फाइलची प्रत करून लपवलेला टॅब उघडू शकतो. म्हणून वादकांसाठी वेगळी फाइल करा, तिच्यात 'इम्पोर्टरेंज'ने (दुसऱ्या फाइलमधून माहिती आणणारं सूत्र) फक्त क्रमांक आणि बेरजा आणा. त्या दुसऱ्या फाइलमध्ये कुणालाही बदलाची परवानगी देऊ नका, कारण ती असलेला माणूस मूळ फाइलमधला कुठलाही भाग सूत्राने ओढून आणू शकतो. पथकात शाळकरी मुलं-मुली असतील तर अधिकच जपा. डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायदा, २०२३ प्रमाणे १८ वर्षांखालील व्यक्ती बालक आहे. तिची माहिती ठेवण्यासाठी पालकांची संमती नोंदणीच्या अर्जावरच घ्या.

१८. शीटमध्ये ८० टक्के दिसतात, तरी यादीत माझं नाव नाही.

४४ पैकी ३५ सराव म्हणजे ७९.५५ टक्के. दशांश न दाखवता मांडलं की सेलमध्ये ८० दिसतं, पण तुलना खऱ्या आकड्याशी होते. वादकाची यात काही चूक नाही, मांडणीची आहे. एक दशांश दाखवा. त्याहून चांगलं म्हणजे निकष शेवटच्या पंधरवड्यात संख्येत जाहीर करा: '४४ पैकी किमान ३६'. मोजायला कुणालाच कॅल्क्युलेटर लागत नाही.

१९. मिरवणुकीत संख्येची मर्यादा आली, तर हजेरीवरून वरचे निवडावेत का?

असा प्रसंग येऊ शकतो. पुण्यात ऑगस्ट २०२४ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने पथकातल्या सदस्यांवर ३० ची मर्यादा घातली होती, सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबरमध्ये तिला स्थगिती दिली. सगळ्यांची एकच यादी हजेरीने लावून वरचे घेतले, तर ढोल भरपूर आणि ताशे दोन अशी अवस्था होईल. आधी प्रत्येक विभागाचे किती हवेत ते ठरवा, मग त्या विभागात हजेरीचा क्रम लावा. बरोबरी झाली तर शेवटच्या दहा सरावांची हजेरी पाहावी, कारण बसवलेले हात त्याच दिवसांत पक्के होतात.

२०. पुढच्या वर्षी हीच फाइल वापरायची का?

नवी प्रत करा. जागा संपते म्हणून नव्हे: १८० वादक आणि ४० सराव धरले तरी 'हजेरी'त फार तर ७,२०० ओळी होतात, आणि शीटची मर्यादा १ कोटी सेलची आहे. शीट मंद झाली तर कारण बहुधा ढीगभर रंगांचे नियम किंवा एकमेकांत अडकलेली 'इम्पोर्टरेंज' सूत्रं असतात.

प्रतीत 'सभासद' टॅब राहू द्या, 'सराव' आणि 'हजेरी' रिकामे करा. सोडून गेलेल्याचा क्रमांक नव्याला देऊ नका. आणि हंगामाच्या तारखा मागच्या वर्षावरून उचलू नका. गणेश चतुर्थी २०२५ मध्ये २७ ऑगस्टला होती, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे ती १४ सप्टेंबरला येते. सूत्रात जुनी शेवटची तारीख राहिली तर त्यानंतरचे, म्हणजे सर्वात महत्त्वाचे सराव मोजलेच जाणार नाहीत. सुरुवात आणि शेवट या दोन तारखा 'सराव' टॅबच्या वर दोन सेलमध्ये लिहा आणि सगळी सूत्रं त्यांच्याकडेच वळवा.